खटपट : झिजलेला नट

बाबांचा जुना लेथ भंगारात द्यायचं ठरत होतं. क्रॉस स्लाइडचं हँडल पाव फेरा रिकामंच फिरायचं. पण मन मानेना. मेन स्विच बंद केला, रॉकेल नि ब्रश घेऊन बसलो. प्रत्येक भाग खोलताना मोबाइलवर फोटो काढला. स्क्रू ठीक होता, झिजला होता गनमेटलचा नट. तो मुद्दामच मऊ धातूचा असतो. पोलादी स्क्रू वाचावा म्हणून आधी तो झिजतो. गनमेटल म्हणजे मुख्यतः तांबं, आमच्या मलाजखंडच्या खाणीतलंच म्हणा ना! नवा नट टाकला, गिबची पट्टी कसली. बाबांनी हँडल फिरवून पाहिलं, म्हणाले, "राहू दे इथंच." मंडळी, भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा खोलून बघा.