‘मेमरी फोम’ म्हणता ना, मग बिलावर लिहून द्या

गेल्या आठवड्यात गाद्यांवर सहज चार ओळी टाकल्या होत्या. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं यावर इतकी वर्षं लिहितोय, त्यावर कधी आले नाहीत एवढे मेसेज या चार ओळींवर आले. बहुतेकांचा प्रश्न एकच. “भाऊ, बजेट दहा-बारा हजार आहे. मेमरी फोम घ्यावी म्हणतो. कोणती घेऊ?”

कंपनीचं नाव मी सांगणार नाही, तो माझा धंदा नाही. पण गेले पंधरा दिवस आपल्या गावातली आणि जळगावातली मिळून सात-आठ दुकानं फिरलो, कव्हरच्या चेनी उघडायला लावल्या, दोन ठिकाणी चहा मिळाला आणि एका ठिकाणी “तुम्हाला घ्यायची आहे की बातमी करायची आहे?” असं ऐकून घेतलं. त्यावरून झालेलं मत सरळ सांगतो. दहा-बारा हजारांच्या बजेटमध्ये ‘मेमरी फोम’ या शब्दाला पैसे मोजू नका. त्याच्या खाली जे भरलंय त्याला मोजा. आणि खाली काय भरलंय हे दुकानदार बिलावर लिहून देत नसेल तर पायरी उतरा.

आधी ही भानगड काय ते थोडक्यात. मेमरी फोम म्हणजे पीयू फोमचाच एक प्रकार. १९६६ साली अमेरिकेत नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी तो तयार केला. उद्देश होता विमानाच्या आसनात बसणाऱ्याला धक्का कमी बसावा हा. गादी म्हणून तो बाजारात यायला १९९० चं दशक उजाडलं. अंगाच्या उबेने आणि वजनाने हळूहळू दबतो, हात काढला की हळूहळू वर येतो. दुकानात पंजाचा ठसा उमटवून दाखवतात ना, ते हेच. ठसा बघून आपण खूश होतो. पण ठसा उमटायला एक इंच मेमरी फोमही पुरतो, हे तिथं कुणी सांगत नाही.

सहा इंची गादी सहाच्या सहा इंच मेमरी फोमची नसते. तशी असूही नये, नुसत्या मेमरी फोमवर माणूस रुतून बसेल. वर एक-दोन इंच मेमरी फोम आणि खाली चार-पाच इंच आधाराचा फोम, अशी रचना असते. म्हणजे तुमचं सत्तर-ऐंशी किलो वजन वर्षानुवर्षं पेलणार कोण, तर खालचा थर. गादी बसते ती तिथून. जाहिरात मात्र वरच्या इंचाची. इमारतीचा पाया न दाखवता टाइल्स दाखवून फ्लॅट विकावा, तसलाच प्रकार.

आता ज्या प्रकरणावरून मी यात पडलो ते सांगतो. एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक. तीस वर्षं उभ्याने तिकिटं फाडली, कंबर गेली. मुलाने वडिलांसाठी हप्त्यावर गादी घेतली, साडेतेरा हजारांची, सहा बाय चार फूट, सहा इंच जाड. ‘फुल मेमरी फोम, ऑर्थोपेडिक, दहा वर्षं वॉरंटी.’ आठव्या महिन्यात मधोमध खळगा पडला. काका परत जमिनीवर, सतरंजीवर. हप्ते अजून चालूच. मुलाने चेन उघडून दाखवली : वर एक इंच मेमरी फोम, खाली पाच इंच अगदी भुसभुशीत पांढरा फोम. गादी उचलून बघितली तर एका हाताने उचलली गेली. वजनकाट्यावर टाकली, कव्हरसकट नऊ किलो. आणि बिल? बिलावर फक्त “गादी, १ नग.” तेही कच्चं. पक्कं बिल नको असेल तर हजार रुपये कमी, असं ठरलं होतं.

‘मेमरी फोम’ हा शब्द त्या कागदावर नाही. ‘ऑर्थोपेडिक’ नाही. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का नाही. दुकानदार म्हणतो, आम्ही असं बोललोच नव्हतो.

या नऊ किलोंचं गणित प्रत्येकाने शिकून घ्यावं, फार सोपं आहे. गादीची लांबी, रुंदी, जाडी इंचात घ्या, तिन्हींचा गुणाकार करा, त्याला ६१,०२४ ने भागा. आले घनमीटर. सहा बाय चार फूट म्हणजे ७२ गुणिले ४८ गुणिले ६. गुणाकार २०,७३६, भागाकार ०.३४. आता वजनातून कव्हरचे दीड-दोन किलो वजा करा आणि उरलेल्याला ०.३४ ने भागा. काकांच्या गादीचे सात किलो भागिले ०.३४, म्हणजे साधारण २०. ही झाली डेन्सिटी, म्हणजे एका घनमीटरला किती किलो माल. दुकानात “बत्तीस डेन्सिटी, चाळीस डेन्सिटी” म्हणतात ती हीच. रोज झोपायच्या गादीत खालचा फोम किमान बत्तीसचा असावा, चाळीसचा मिळाला तर उत्तम. मेमरी फोमचा थर पन्नासच्या आसपास असेल तर तो लवकर मरत नाही. या हिशेबाने काकांच्या मापाची बरी गादी कव्हर धरून तेरा-चौदा किलो तरी भरायला हवी होती. म्हणजे जवळपास पाच किलो माल कमी! बाजरी पाच किलो कमी भरली असती तर आपण दुकानात भांडलो असतो.

ऑनलाइन घेणाऱ्यांना हे आणखी सोपं. मालाच्या माहितीत बहुतेक ठिकाणी वजन दिलेलं असतं. कोणी बघत नाही, कारण आपण तारे मोजत बसतो.

इथे एक मेख आहे. जड म्हणजे चांगली असंही नाही. फोमच्या कारखान्यातले उरलेले तुकडे चिकटवून, दाबून एक फोम बनवतात, त्याला रिबॉन्डेड म्हणतात. रंगीबेरंगी ठिपक्यांचा असतो, चेन उघडली की लगेच ओळखू येतो. तो भलताच जड आणि कडक. त्याचा थर असला की गादीचं वजन फुगतं आणि दुकानदार म्हणतो, “बघा, किती डेन्सिटी!” डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. हा घोळ मुद्दाम केला जातो असं माझं स्पष्ट मत आहे. कमी डेन्सिटीचा फोमही नवा असताना कडक बनवता येतो, आणि चांगल्या डेन्सिटीचा मऊ असू शकतो. कडकपणा पहिल्याच दिवशी हाताला कळतो. डेन्सिटी कळते ती दोन वर्षांनी, गादीत खड्डा पडतो की नाही यावरून. रिबॉन्डेड वाईटच असतो असं नाही म्हणत, स्वस्तात कडक गादी हवी असेल तर जरूर घ्या. फक्त रिबॉन्डेडचे पैसे देऊन रिबॉन्डेड घ्या, मेमरी फोमचे देऊन नको.

‘पाठ दुखते ना, मग कडक गादीच हवी’ ही समजूतही सोडा. आपल्याकडे तर थेट फळीवर झोपायचा सल्ला देणारे घरोघरी आहेत. २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या, कोणती कुणाला ते सांगितलं नाही. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं आढळलं. तो अभ्यास मेमरी फोमचा नव्हता, त्यामुळे त्याच्या नावावर मेमरी फोम खपवायलाही नको. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द गादीवर छापलेला असला म्हणून कुणा हाडांच्या डॉक्टरने ती तपासली असा अर्थ होत नाही. दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरकडे जा. गादी नंतर.

आणि आपल्या खान्देशात एक प्रश्न जास्तीचा : उन्हाळा. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. मेमरी फोम कामच उष्णतेवर करतो, उबेने मऊ पडतो, अंगाला चिकटून बसतो, हवा खेळू देत नाही. एसी शोरूममध्ये आडवं होऊन पाहिलेली गादी आणि तुमच्या पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीतली गादी, या दोन वेगळ्या गाद्या समजा. तिथे जरा घट्ट लागते, घरी रुतते. ‘कूलिंग जेल’ पहिला अर्धा-पाऊण तास गार लागतं, मग तेही अंगाइतकंच तापतं. घरात कूलर-पंखाच असेल तर मेमरी फोमचा थर एक-दीड इंचापेक्षा जास्त घेऊ नये, असं मी म्हणेन. म्हाताऱ्या माणसांना तर रुतलेल्या गादीत कूस बदलायलाही जोर लागतो, आणि कड दबणारी असली की उठून बसताना हात निसटतो. त्यांच्यासाठी गादी घेताना त्यांनाच दुकानात न्या. दहा-पंधरा मिनिटं झोपू द्या, ज्या कुशीवर झोपतात त्या कुशीवर. लाज वाटायचं कारण नाही, साडेतेरा हजार आपले आहेत.

खरं तर बऱ्याच जणांना नवी गादी लागतच नाही. मेसेज करणाऱ्यांपैकी तिघांना मी एवढंच सांगितलं की चार रात्री तीच गादी जमिनीवर टाकून झोपून बघा. दोघांचा उलट निरोप आला, दुखणं कमी आहे. म्हणजे दोष पलंगाचा होता. लोखंडी पलंगाच्या पट्ट्या वाकतात, बॉक्स पलंगाचा प्लायवूड मधे झोळ खातो. प्लायवूड बदलणं गादीपेक्षा कितीतरी स्वस्त. जमिनीवरही गादी खड्डाच धरत असेल तर मात्र तिचे दिवस भरले. गादी सपाट आहे पण फार कडक लागते, अशी तक्रार असेल तर वर दीड-दोन इंची टॉपर टाका, नव्या गादीच्या बऱ्याच कमी पैशात काम होतं. खड्डा पडलेल्या गादीवर टॉपर टाकू नका. तोही त्याच खड्ड्यात जाऊन बसतो.

कापसाच्या गादीचंही सांगतो. आपण कापूस पिकवणारे लोक. पिंजाऱ्याकडे दोन-तीन वर्षांनी गादी पिंजून घेतली की नव्यासारखी व्हायची, कापूस तोच. फोमची गादी पिंजता येत नाही. बसली की गेली. घंटागाडीवाला ती घेत नाही, मग ती नाल्याकाठी किंवा उकिरड्यावर जाते आणि तिथे कोणीतरी पेटवतं. पीयू फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात. नगरपालिकेने महिन्यातून एक दिवस जुन्या गाद्या उचलायला ठेवला तर बरं होईल. (वाचतायत का मुख्याधिकारी साहेब?) आपल्याकडे पिंजारी अजून आहेत, यंत्रावर चांगलं काम करतात. पाहुण्यांसाठी, पोरांसाठी, गच्चीवर टाकायला त्यांच्याकडची गादीच घ्या. बजेटही वाचेल.

आता बिल. फोमच्या गादीवर १८ टक्के जीएसटी आहे. २०१७ मध्ये सुरुवातीला २८ होता, त्याच वर्षी नोव्हेंबरात कमी केला. म्हणजे बारा हजारांच्या गादीत अठराशेच्या वर कर बसतो, आणि ‘कच्च्या बिलात घ्या, हजार कमी करतो’ हे त्याच पोटी असतं. त्या हजारात तुम्ही तक्रारीचा हक्क जवळपास विकून टाकता. पक्कं बिल घ्या आणि त्यावर लिहून मागा : मेमरी फोम किती इंच, किती डेन्सिटी, खालचा फोम कोणता, किती इंच, किती डेन्सिटी, वॉरंटीत किती खोल खळगा धरणार. हा शेवटचा मुद्दा विसरू नका. बऱ्याच वॉरंटींत ठरावीक खोलीपेक्षा कमी खळगा धरतच नाहीत, आणि गादीवर डाग दिसला तर वॉरंटी रद्द. लहान मूल घरात असेल तर पहिल्या दिवसापासून वॉटरप्रूफ कव्हर घाला. ऑनलाइनवाल्यांची ‘शंभर रात्री वापरून बघा’ योजना असेल तर परत न्यायला आपल्या पिनकोडवर गाडी येते का, ते पैसे भरायच्या आधी विचारा. पुण्यात येते म्हणजे इथे येते असं नाही.

बिलावर एवढं लिहिलेलं असेल आणि माल तसा निघाला नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते, कंपनी बंगळुरूची असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीचं शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षं. काकांच्या मुलाला मी हेच सांगितलं, पण त्याच्या हातात काय आहे? “गादी, १ नग.”

बिस्किटाच्या पुड्यावर आत काय-काय घातलंय हे छापावं लागतं. तेरा हजारांच्या गादीच्या आत काय आहे हे मात्र तोंडी. सरकारने प्रत्येक गादीवर थर, जाडी, डेन्सिटी आणि एकूण वजन छापणं सक्तीचं करावं, ही माझी मागणी आहे आणि आमदारांना तसं निवेदन देणार आहे. सही करायला यायचं असेल त्यांनी मेसेज करा.

पण त्याची वाट बघायची गरज नाही. गावातल्या ज्या दुकानदारांची थर आणि डेन्सिटी पक्क्या बिलावर लिहून द्यायची तयारी आहे, त्यांनी खाली कमेंटमध्ये दुकानाचं नाव टाका. ती यादी मी याच ठिकाणी टाकतो, एक रुपया न घेता. दोघांनी फोनवर होकार दिलाय. ज्या दुकानांच्या पानभर जाहिराती आमच्या पेपरात येतात, त्यातलं अजून कोणी बोललेलं नाही. आमचा जाहिरात विभाग ही पोस्ट वाचून मला फोन करणार, हे नक्की.