इंधनाचा थेंब आणि उसाची मोळी

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर होते, मळी उरते आणि मळीपासून इथेनॉल बनते. इथेनॉल धान्यापासूनही होते. पण आपल्याकडे सुरुवात उसापासूनच झाली. २००१ साली मिरज व मनमाड येथे ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रयोग झाले. २०२२ साली देशाने १० टक्के मिश्रणाचे आणि २०२५ साली २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले.

हे मिश्रण चांगले की वाईट, यावर आज पारापारावर वाद रंगतो. आमचे म्हणणे असे, की वाद घालण्यापूर्वी मिश्र इंधनाचा एक थेंब कसा जळतो हे कळले पाहिजे. आणि ते शाळेतच कळले पाहिजे.

प्रथम ध्यानात घ्या, द्रव इंधन जळत नाही, जळते ती त्याची वाफ. म्हणून इंजिनात इंधनाचा बारीक फवारा उडवतात. थेंब एकाच द्रवाचा असेल तर हिशेब सोपा आहे : व्यास निम्मा केला, की थेंब संपण्यास सुमारे चौथा हिस्सा वेळ लागतो. परंतु पेट्रोल हा एक द्रव नव्हे. त्यातील काही संयुगे ३५ अंश सें.च्या आसपास उकळतात, तर काहींना २०० अंशांपर्यंत तापावे लागते. इथेनॉल ७८ अंशांना उकळते. हलके घटक आधी उडतात, जड मागे राहतात. म्हणजे थेंबाची घडण क्षणोक्षणी बदलत जाते.

मिश्रण म्हणजे घटकांची सरासरी, असे आपण धरून चालतो. तसे नसते. शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब पेट्रोलपेक्षा कमी आहे. तरी पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल घातले, की मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो! इथेनॉलचे रेणू एकमेकांना धरून असतात. पेट्रोलमध्ये विखुरले, की ती पकड सुटते.

आता स्वयंपाकघरात चला. तापलेल्या तेलात ओली मिरची पडली, की तेल का उडते? तेल १०० अंशांहून कितीतरी अधिक तापलेले असते, त्यामुळे पाण्याची एकदम वाफ होते. घटकांच्या उत्कलनबिंदूंत मोठे अंतर असले, तर इंधनाच्या थेंबातही असेच घडू शकते. पृष्ठभागी जड घटक उरतो, थेंब तापत जातो आणि आत अडकलेला हलका घटक थेंबाच्या ठिकऱ्या उडवतो. यास सूक्ष्मस्फोट म्हणतात. एका थेंबाचे १००० सारखे थेंब झाले, तर एकूण पृष्ठभाग १० पट होतो. गणित करून पाहा.

कोणी म्हणेल, अभ्यासक्रम आधीच जड आहे. पण एक लिटर इथेनॉलपासून पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता मिळते, एवढे सांगितले तर २० टक्के मिश्रणात सुमारे ७ टक्के उष्णता कमी मिळणार, हे आठवीचा विद्यार्थीही काढील. पारावरचा निम्मा वाद तेथेच मिटेल.

शिक्षकांना विनंती : बाष्पीभवन शिकवताना केवळ पाण्यावर थांबू नका. काचपट्टीवर पाण्याचा, स्पिरिटचा आणि दोहोंच्या मिश्रणाचा एकेक सारखा थेंब ठेवून वेळ मोजू द्या. जवळपास ज्योत नसावी, आणि पेट्रोलला हात लावू नये.

ऊसतोडीपायी ज्यांची शाळा अर्धे वर्ष बुडते, त्या मुलांपर्यंत हा धडा आधी पोहोचला पाहिजे. आईबापांनी तोडलेल्या उसाचे पुढे काय होते, हे समजून घेण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.