काढून टाकण्याआधी

माझी गाडी खोटी आहे. चोरीची नव्हे हो, नकली! दिसायला १९५४ साली आलेली पोर्श ३५६ स्पीडस्टर, पण अंग फायबरग्लासचं आणि खाली बीटलची चेसिस. इंजिनही बीटलचंच, १६०० सीसीचं, हवेवर थंड होणारं. खरी घ्यायची तर राहतं घर विकावं लागेल.

नकली गाडीचा एक फायदा असतो. खऱ्या गाडीचा साधा स्क्रू बदलला तरी जाणकार नाकं मुरडतात. इथे ती भीती नाही. त्यामुळे आम्ही नकलीवाले हातात पाना आला की सुटतोच. मीही सुटलो होतो.

आधी सायलेन्सर काढून चार नळ्या एकत्र येणारा हेडर बसवला. जोडीला जुने गंजके हीटर बॉक्सही काढून टाकले. आवाज काय सुरेख आला म्हणून सांगू! वाटलं, गाडी पळायला लागली. मग घड्याळ लावून नेहमीचा चढ चढलो, तर फरक जवळपास शून्य. कान फसवतात..

पुढे सिएटलचा नोव्हेंबर आला. दमट हवा, पाच-सहा अंश. गाडी सिग्नलला बंद पडू लागली. झाकण उघडलं तर इनटेकच्या नळीवर चक्क बर्फाचा पांढरा थर! बीटलमध्ये कार्बुरेटर एकच, मधोमध. तिथून लांब नळ्या दोन्ही बाजूंना जातात. पेट्रोलची वाफ होताना त्या गार पडतात, म्हणून मूळ रचनेत एक्झॉस्टचा थोडा गरम वायू त्यांच्याखालून फिरवलेला असतो. माझ्या हेडरला त्यासाठी जोडच नव्हता. मी तोंडं बुजवून मोकळा झालो होतो.

मग दोन कार्बुरेटर बसवले, दोन्ही बाजूंना एकेक. वाट आखूड झाली. (गंमत म्हणजे खऱ्या ३५६लाही दोनच होते.) पण दोघांनी सारखा श्वास घ्यायला हवा ना! इंजिन तापून फुगलं की मधल्या दांडीचं माप बदलतं, थंड असताना जुळवलेलं गरम झाल्यावर चुकतं. त्यात जेट बारीक, प्लग पांढरेफटक निघाले. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, व्हॉल्व्ह जळायला निमंत्रण. चार शनिवार गेले. पण गाडी खरोखर सुधारली ती त्या चार शनिवारांत, नवे भाग बसवले त्या दिवशी नव्हे.

राहिली ऊब. ती हीटर बॉक्समधूनच येते. शेजारी बसणारी लेक कुडकुडते म्हणून काढलेले जुनेच बॉक्स परत चढवले. दोन दिवसांनी वाटेत ती म्हणाली, "बाबा, डोकं दुखतंय." माझंही जड झालं होतं. पोटात धस्स झालं. हीटर बंद केला, टप उघडला आणि तशा थंडीत घरी आलो.

खोलून पाहिलं तर आतल्या नळीला नखाएवढं भोक. हा बॉक्स म्हणजे एक्झॉस्टच्या नळीभोवतीचं कवच. पंख्याची हवा त्यातून तापून आत येते. नळी फुटकी असेल तर तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो, आणि त्याला वास नसतो. गाडी नकली असली तरी धूर खरा असतो, हे मला तेव्हा कळलं.

सुदैवाने लेक तासाभरात ठीक झाली. बॉक्स नवे घातले, गाडीत अलार्म लावला. असो.

लोक म्हणतात, घरी काम केलं की पैसे वाचतात. मला नाही पटत. माझे तरी वाचले नाहीत. घरी काम करायचं ते गाडी समजावी म्हणून. आणि समजून घ्यायचं नसेल तर सरळ मेकॅनिककडे द्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

हल्ली मी एक करतो. कुठलाही भाग काढण्याआधी तो काय काम करतो ते चिठ्ठीवर लिहितो. लिहिता आलं नाही तर पाना परत पेटीत.