पाच टक्के कोणासाठी, कशावर?

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावी, असा महाराष्ट्रातला नियम आहे. गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुक्यातल्या लहान गावांत घरपट्टी-पाणीपट्टीची वसुलीच बेताची, त्यामुळे हे पाच टक्केही बेताचेच. ही रक्कम लाभार्थ्यांच्या खात्यावर टाकावी, की घरच्यांना शिकवण्यावर, आधार देण्यावर खर्चावी?

रोखीची बाजू हलकी नाही. प्रमाणपत्र, फेरतपासणी, औषध यांसाठी तालुक्यातल्या कोहमाऱ्याहून गोंदिया गाठायचे, तर सोबत एक माणूस लागतो आणि त्याची मजुरी बुडते. शिवाय आपली गरज दिव्यांग माणसाला सरपंचांपेक्षा अधिक कळते. ‘पैसे देऊ नका, उडवतील’ हा सूर आम्हाला मान्य नाही.

पण काही गोष्टी पैशाने घरात येत नाहीत. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. त्यात सिकलसेल आहे. पूर्व विदर्भात हा आजार घरोघरी ओळखीचा आहे, तरी त्याची नीट माहिती कमीच. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पाणी कमी पडले, थंडी बाधली, ताप आला की अंगात असह्य कळा उठतात. बाहेरून काहीच दिसत नसल्याने रोवणीच्या चिखलातून बाहेर येऊन बसलेले पोर कामचुकार ठरते. ही समजूत घरातच बदलावी लागते. (आणि हो, वाहक असल्याच्या माहितीवरून मुलींची लग्ने मोडणार असतील, तर तसले प्रबोधन न झालेले बरे.) सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचेही तसेच. त्याला आडवे ठेवून भरवले तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. टेकून बसवायचे कसे, हे कोणीतरी हाताला धरून दाखवावे लागते. समग्र शिक्षा अभियानातून विशेष शिक्षक घरी येतात, पण दोन भेटींमधले दिवस आईलाच निभावायचे असतात.

अडचण अशी, की आपल्याकडे प्रशिक्षण म्हटले की मंडप, हारतुरे, पाहुण्यांची भाषणे आणि फोटो. त्यापेक्षा रोख परवडली. वेळापत्रकाचेही तेच: रोवणीत, धान कापणीत किंवा मोहफूल-तेंदूपत्त्याच्या दिवसांत बोलावले तर कोण येणार? मळणी आटोपल्यावरचा हिवाळा त्यातल्या त्यात मोकळा.

आमचे मत असे: तीव्र दिव्यांगत्व असलेल्यांच्या रोख मदतीला हात लावू नये. उरलेल्या रकमेतून पाच-सहा ग्रामपंचायतींनी मिळून केंद्रशाळेत पालकांची नियमित बैठक भरवावी. येणाऱ्याला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी. ती मिळणार नसेल, तर हा खटाटोप करूच नये. शिकवायला विशेष शिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट हवेत, आशाताई हव्यात. त्यांच्या जोडीला असे मूल वाढवलेली एखादी आईही हवी, तिचे मानधन धरून. बैठकीला यायला न जमणाऱ्या घरी आशाताईंनी जावे.

हे ठरवायची जागा ग्रामसभा आहे. पुढच्या ग्रामसभेला दिव्यांगांनी आणि त्यांच्या पालकांनी जरूर जावे, गेल्या वर्षीच्या पाच टक्क्यांचा हिशेब मागावा आणि यंदाचा खर्च आपल्यासमोर ठरवून घ्यावा.