थरथरणारा हात आणि आपली जबाबदारी

दादीचा हात थरथरू लागला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'वय झालंय.' अब्बांची चाल मंदावली तरी तेच. पण विशीतल्या मुलाचं बोलणं अडखळू लागलं, मान वाकडी होऊ लागली, हात आपोआप हलू लागले, तर वाक्य बदलतं, 'असर झालाय, कुणाची तरी नजर लागलीय.' दोन्ही वाक्यांचा परिणाम मात्र एकच होतो. डॉक्टरकडे जायला उशीर होतो.

हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या मेंदूच्या भागात बिघाड झाला की असे विकार होतात. त्यातला सर्वांत परिचित म्हणजे पार्किन्सन्स. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने त्याचं वर्णन केलं. पण थरथरीची नोंद त्याआधीही होती. आयुर्वेदात त्याला कंपवात म्हणतात, आणि इब्न सीनाच्या 'कानून'मध्ये रअशाची चर्चा आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनीही याला आजारच मानलं होतं, करणी नाही.

निदानाबद्दल एक गोष्ट नीट समजून घेऊ. पार्किन्सन्स आहे की नाही, हे एखाद्या साध्या रक्ततपासणीत कळत नाही. डॉक्टर रुग्णाला चालायला लावतात, बोटं उघड-मीट करायला सांगतात, मनगट हलवून ताठरपणा बघतात. हालचाल मंदावणं हे मुख्य लक्षण. हात मांडीवर स्वस्थ असताना कापतो आणि त्रास बहुधा एका बाजूने सुरू होतो. चहाचा कप उचलताना दोन्ही हात कापत असतील, घरात आणखी कुणाला तसं असेल, तर तो वेगळा विकार असू शकतो आणि त्याचं औषधही वेगळं. अक्षर बारीक होणं, आवाज खोल जाणं, वास न येणं, झोपेत हातपाय झाडणं, सजद्यातून उठायला वेळ लागणं, या खुणा घरच्यांनाच आधी दिसतात.

कधीकधी दोष औषधाचाच असतो. चक्करेसाठीची सिनारिझिन, पोटाच्या तक्रारींसाठीची लेव्होसल्पिराइड, उलटीसाठीची मेटोक्लोप्रामाइड, काही मानसिक आजारांची औषधं यांनीही हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं दिसतात. मेडिकलवाल्याकडून तीच गोळी महिनोन्महिने आणली जाते आणि कुणाला शंकाही येत नाही. म्हणून डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. पण स्वतःच्या मनाने कुठलंही औषध बंद करू नका.

आता तरुणांबद्दल. विल्सन्स हा आनुवंशिक आजार असून त्यात शरीरातलं तांबं बाहेर न पडता यकृतात आणि मेंदूत साचतं. अभ्यासात मागे पडणं, चिडचिड, थरथर, लाळ गळणं, अडखळतं बोलणं, अशी त्याची सुरुवात होऊ शकते. 'बाहेरचं' म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं, ते बऱ्याचदा असंच दिसतं. डोळ्यांची तपासणी, रक्त आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं यांवरून निदान होतं. १९५६ पासून यावर औषध उपलब्ध आहे. वेळेवर सुरू केलं आणि आयुष्यभर घेतलं, तर मुलगा शिकू शकतो, कमावू शकतो. सहा महिने तावीज आणि झाडफुकीत गेले, तर मेंदूचं झालेलं नुकसान पुरतं भरून येईलच असं नाही.

आई-वडील दोघांकडेही हा दोष सुप्त असेल, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. जवळच्या नात्यातल्या लग्नांत असा योग येण्याची शक्यता वाढते. यावर आपल्या समाजात मोकळेपणाने बोललं पाहिजे, कुणाला अपराधी ठरवण्यासाठी नव्हे, तर पुढची पिढी वाचवण्यासाठी. एका मुलाला विल्सन्स निघाला, की लक्षणं नसली तरी भावंडांचीही तपासणी करायलाच हवी.

दुआ जरूर करा. पण दुआ आणि दवा यांत भांडण लावू नका. आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे, ती अशाच वेळेसाठी. पार्किन्सन्सवरची लेव्होडोपा ही गोळी अचानक थांबवली तर अंग ताठरून ताप चढू शकतो, जीवावरही बेतू शकतं. रमजानच्या आधीच डॉक्टरशी बोला. गोळीची वेळ घड्याळाची असते, अजानच्या वेळा मात्र ऋतूप्रमाणे सरकतात, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. अनेकांमध्ये मटण, डाळ, दूध अशा प्रथिनांसोबत घेतली की ती कमी लागू पडते.

चांदीपच्या माणसाला मज्जाविकारतज्ज्ञाला भेटायचं म्हणजे विरार स्टेशन गाठून लोकलने केईएम किंवा नायर रुग्णालय. थरथरत्या म्हाताऱ्या माणसाला त्या गर्दीत नेणं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि दोन माणसांचा खोळंबा. म्हणूनच हा प्रश्न घरापुरता नाही, तो नागरी प्रश्न आहे. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये आणि पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला, तो सेवा जवळ याव्यात म्हणूनच ना? महिन्यातून ठरलेल्या दिवशी आपल्या सरकारी रुग्णालयात या तज्ज्ञाची ओपीडी आणि लेव्होडोपाचा नियमित साठा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्सचा समावेश आहे. पात्र रुग्णाला यूडीआयडी कार्ड मिळू शकतं. ते काढून देणं हे मोबाइल हातात असलेल्या तुमचं-आमचं काम.

मुहम्मद अलींना १९८४ मध्ये, ४२ व्या वर्षी हे निदान झालं. १९९६ मध्ये अटलांटात त्यांनी थरथरत्या हाताने ऑलिंपिकची ज्योत पेटवली, साऱ्या जगासमोर. आपल्या घरांत मात्र अशी माणसं पाहुणे आले की आतल्या खोलीत जातात.

मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना एकत्र आणतात, व्यायाम आणि माहिती देतात. आपल्या वस्तीत असा गट का असू नये?

सुरुवात आजच करता येईल. घरातल्या मोठ्यांना दहा पावलं चालायला सांगा, त्याचा व्हिडिओ काढा. वर्षभरापूर्वीच्या एखाद्या लग्नातला व्हिडिओ शोधून शेजारी ठेवा. फरक दिसला, तर 'वय झालंय' म्हणू नका. नंबर लावा.