दोन बाटल्या सलाईन

परवा आटपाडीहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, म्हैस दोन दिवस हगवणीनं बेजार आहे. सलाईन लावलंय, आता काळजी नाही ना?"
"किती बाटल्या?"
"दोन."

शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेला हिशेब आठवला. पंढरपुरी म्हैस ४०० किलोची धरा. डोळे खोल गेलेत, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसत नाही, म्हणजे वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी गेलं. ३२ लिटर! अर्ध्या लिटरच्या ६४ बाटल्या. दोन बाटल्या म्हणजे रिकाम्या हौदात तांब्याभर पाणी.

मोठ्या तोंडानं सांगतोय, पण नोकरीत मीही हेच केलंय. माणमध्ये काय, जतमध्ये काय, बाटली टांगली की मालकाचा जीव भांड्यात पडायचा. नळीनं पाणी पाजलं तर "डॉक्टरनं नुसतं पाणीच पाजलं" हे गावभर. २०१३ च्या दुष्काळात एका चारा छावणीत एका म्हातारीची खिलार कालवड आडवी पडली होती. कान गार, नाडी बारीक. १०-१२ लिटर तरी हवे होते, तेही शिरेतून आणि भराभर. मी एक बाटली लावली आणि पुढच्या गावाला गेलो. सकाळी कालवड गेली होती. म्हातारी म्हणाली, "सलाईन लावलं हुतं की, तुमचा काय दोष?"
ते अजून टोचतं.

माझं मत एवढंच. जनावर आडवं पडलं, अंग गार पडलं, तर शीरच. पण मग हात आखडू नये. उभं असेल, गिळत असेल, तर पोटात नळी घालून इलेक्ट्रोलाइटचं १५-२० लिटर कोमट पाणी एका वेळी द्यावं. स्वस्त, आणि जास्त कामाचं. नळी मात्र डॉक्टरांनीच घालावी. घरी बाटलीनं ढोसू नका, पाणी फुप्फुसात जातं.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याचे रोगी मीठ-साखरेच्या पाण्यावर वाचवले. माणसांना ते पटलं. गोठ्यात मात्र अजून बाटलीचीच पूजा चालते.

असो. भावाला म्हटलं, डॉक्टरांना परत बोलाव, नळी आणायला सांग. संध्याकाळी फोन आला, "दादा, म्हैस रवंथ करतीय. पण शेजारी विचारतात, आज सलाईन नाही का लावलं?"