इंजिनाचे हेड म्हणजे नुसते झाकण नव्हे

इंजिन विकत घेताना आपण अश्वशक्ती विचारतो, किंमत विचारतो, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतील की नाही याची चौकशी करतो. हे सर्व प्रश्न योग्यच आहेत. परंतु ज्या जागी डिझेल प्रत्यक्ष जळते ती जागा कशी घडविलेली आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. सिलिंडरचे हेड म्हणजे वरचे एक जड झाकण, अशीच पुष्कळांची समजूत आहे. या समजुतीमुळे खरेदीत व दुरुस्तीत शेतकऱ्याचे जे नुकसान होते ते थोडे नाही. म्हणून हेडाची व त्यालगतच्या ज्वलनकक्षाची रचना हा केवळ कारखान्यातील अभियंत्यांचा विषय न मानता शेतकऱ्याने व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनीही तो समजून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम हवेचा हिशेब पाहू. एक किलो डिझेल पूर्णपणे जाळावयास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. एक लिटर डिझेलचे वजन पाऊण किलोहून थोडे अधिक असते. म्हणजे एका लिटरमागे सुमारे बारा किलो, अर्थात दहा हजार लिटर हवा इंजिनाने ओढून घेतली पाहिजे. ही झाली कमीत कमी गरज. प्रत्यक्षात डिझेल इंजिनाला याहून बरीच जास्त हवा द्यावी लागते, कारण डिझेलचा प्रत्येक थेंब आणि हवेचा प्रत्येक कण यांची वेळेवर गाठ पडतेच असे नाही. इंजिन डिझेलवर चालते असे आपण म्हणतो. खरे पाहता त्याचे मुख्य अन्न हवा हेच आहे.

आता वेळेचा हिशेब पाहू. मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात दट्ट्याची, म्हणजे आपल्या बोलण्यातील पिस्टनची, वरून खाली एक धाव सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपते. त्यातही डिझेलचा फवारा उडून त्याचा मुख्य भाग जळावयास सेकंदाचा सुमारे अडीचशेवा भागच मिळतो. इतक्या अल्प काळात इंधन व हवा यांचे मिश्रण व्हावे कसे? उत्तर एकच आहे: हवा स्वस्थ बसता कामा नये. ताक करताना रवीने दही घुसळावे, तशी सिलिंडरमधील हवा घुसळली गेली पाहिजे. ही घुसळण घडवून आणणे हेच ज्वलनकक्षाच्या रचनेचे मर्म होय.

गुऱ्हाळाचे चुलाण ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगावयास नको. चिपाडे तीच, काहील तीच. पण हवेचे तोंड व धुराड्याचा मार्ग नीट साधला नसेल तर जाळ काहिलीला लागत नाही, धूर मात्र डोळ्यांत जातो. इंजिनाचेही असेच आहे.

हा विचार इंजिनाच्या इतिहासाएवढाच जुना आहे. रुडॉल्फ डिझेल यांनी जर्मनीत १८९७ साली आपले इंजिन यशस्वी करून दाखविले, तेव्हा ते दाबलेल्या हवेच्या झोताने इंधन आत फुंकीत असत. त्यासाठी हवा दाबणारे वेगळे यंत्र बाळगावे लागे. पुढे १९०९ साली प्रॉस्पर लोरांज यांनी हेडामध्ये एक लहान पूर्वकक्ष योजिला. इंधन प्रथम तेथे पेट घेते आणि अरुंद तोंडातून जोराने मुख्य कक्षात शिरते. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी हवेच्या घुसळणीचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचा ‘कॉमेट’ नावाचा भोवरा-कक्ष १९३० नंतरच्या दशकात बस व ट्रक यांच्या इंजिनांत मोठ्या प्रमाणावर आला. आपल्याकडे १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली व पुढील काळात विहिरीवरील डिझेल इंजिन महाराष्ट्राच्या खेडोपाडी परिचयाचे झाले.

आज इंजिनांचे दोन मुख्य प्रकार आढळतात. पहिल्यात इंधन हेडातील वेगळ्या लहान कक्षात फवारले जाते. या इंजिनाला फवाऱ्याचा दाब कमी पुरतो, आवाज सौम्य असतो आणि नॉझलमधील किरकोळ दोष ते सहन करते. परंतु लहान कक्षाच्या भिंती व अरुंद तोंड यांतून बरीच उष्णता पाण्यात निघून जाते. त्यामुळे तेवढ्याच कामाला दहा ते पंधरा टक्के इंधन अधिक लागते. दुसऱ्या प्रकारात इंधन सरळ पिस्टनच्या माथ्यावरील वाटीसारख्या खळग्यात फवारले जाते. येथे उष्णता कमी वाया जाते, इंजिन थंडीतही लवकर सुरू होते आणि डिझेल वाचते. मात्र येथे हवेचा मार्ग, वाटीचा आकार व नॉझलचा फवारा या तिन्ही गोष्टी एकमेकींशी तंतोतंत जुळाव्या लागतात. वर्षातून चारशे तास इंजिन चालते व तासाला सव्वा लिटर डिझेल लागते असे धरले, तर वर्षाचे पाचशे लिटर होतात. त्यात दहा टक्के बचत म्हणजे पन्नास लिटर. ही बचत इंजिनाच्या सबंध आयुष्यात दरवर्षी होत राहते. म्हणून शेतीच्या कामासाठी थेट फवाऱ्याचे इंजिनच घ्यावे, या मताचा मी आहे.

थेट फवाऱ्याच्या इंजिनात हवेची घुसळण दोन प्रकारे होते. हेडातील हवेचा मार्ग, ज्याला कारागीर पोर्ट म्हणतात, तो सरळ नसून शंखाच्या वळणासारखा किंवा एका अंगाने तिरपा ओतलेला असतो. त्यामुळे हवा सिलिंडरमध्ये शिरताना गोल फिरू लागते. ही झाली पहिली घुसळण. पिस्टन अगदी वर येतो तेव्हा त्याच्या सपाट काठावरील हवा हेड व पिस्टन यांच्यामध्ये चेंगरली जाऊन वाटीकडे वेगाने धावते. ही दुसरी घुसळण. दोन्ही मिळून फवाऱ्यातील बारीक थेंबांना हवा पुरवितात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पोर्ट जितके मोठे व जितके गुळगुळीत तितकी हवा अधिक आणि तितकी शक्ती अधिक, असे काही कारागीर मानतात व दुरुस्तीच्या वेळी हेडावर कानस आणि घासणीचा दगड चालवितात. शर्यतीच्या मोटारींसाठी, मोजमापाची उपकरणे जवळ असताना, हे काम जाणकार लोक करतात. विहिरीवरील इंजिनासाठी ते अपायकारक आहे. अभियंत्याने मुद्दाम दिलेले वळण घासून सरळ केले, तर हवा कदाचित किंचित अधिक येईल, पण फिरणे विसरेल. पाटाचे पाणी वेगाने वाहून जाते म्हणून पीक भिजतेच असे नाही. ते सरीत वळले पाहिजे. हवेचे परिमाण आणि हवेचे वळण या दोहोंचा समतोल साधूनच कारखान्यात पोर्ट ठरविलेले असते. तो समतोल कानशीने सुधारत नाही.

दुसरी चूक गॅस्केटची. मूळ गॅस्केट मिळाले नाही म्हणून जाड गॅस्केट बसविणे, किंवा दोन गॅस्केटे एकावर एक घालणे, हा प्रकार सर्रास चालतो. याचा परिणाम आकड्यांनी पाहा. ८० मिलीमीटर व्यासाचा, ११० मिलीमीटर धावेचा आणि साडेसोळास एक या प्रमाणात हवा दाबणारा सिलिंडर घ्या. त्यात गॅस्केट केवळ अर्धा मिलीमीटर जाड बसले, तर दाबाचे प्रमाण साडेसोळावरून सुमारे साडेपंधरावर येते. हवा कमी दाबली गेली की कमी तापते, पहाटे इंजिन सुरू होण्यास कुरकुरते आणि पांढरा धूर सोडते. शिवाय काठावरील फट वाढल्यामुळे चेंगरण्याची क्रियाही मंदावते. याउलट हेड लेथवर फार छिलून घेतले तर फट कमी होऊन पिस्टन हेडावर किंवा व्हॉल्व्हवर आपटण्याचा धोका निर्माण होतो. जाड आणि पातळ, दोन्ही बाजूंनी नुकसानच आहे.

ही फट मोजणे कठीण नाही. पिस्टनच्या सपाट काठावर, वाटीत नव्हे, शिशाच्या तारेचे लहान तुकडे ग्रीसने चिकटवावे. हेड बसवून नट सांगितलेल्या क्रमाने व जोराने आवळावे आणि फ्लायव्हील हाताने एक वेळ फिरवावे. मग हेड उतरून दाबल्या गेलेल्या तारेची जाडी मोजावी. ती कंपनीच्या पुस्तिकेतील आकड्याशी जुळली पाहिजे. दुरुस्तीनंतर शेतकऱ्याने कारागिराकडे या मापाचा आग्रह धरावा.

तिसरी गोष्ट व्हॉल्व्हची. हवेस जावयाची वाट व्हॉल्व्ह किती उचलला जातो यावर अवलंबून असते. व्हॉल्व्ह आपल्या व्यासाच्या चौथ्या भागाइतका उचलला गेला, म्हणजे त्याच्या कडेची वाट पोर्टच्या तोंडाइतकी होते. टॅपेटची फट फाजील ठेवली तर उचल तेवढी घटते. फट मुळीच ठेवली नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, दाब निसटतो व व्हॉल्व्ह जळतो. तसेच वारंवार घासून व्हॉल्व्ह हेडात खोल गेला असेल तर त्याच्या भोवती हवेचा एक निरुपयोगी खळगा तयार होतो. तेथील हवा जळणाच्या कामी वेळेवर येत नाही. अशा वेळी पुन्हा घासण्यापेक्षा नवीन सीट बसविणे शहाणपणाचे होय.

चौथी गोष्ट म्हणजे पिस्टन व नॉझल यांची जोडी. दिसावयास सारखा, पण वेगळ्या वाटीचा पिस्टन किंवा वेगळ्या कोनाचे नॉझल स्वस्त मिळाले म्हणून बसविले, तर फवारा वाटीत पडण्याऐवजी काठावर पडतो. मग काळा धूर, काजळी आणि वंगणात उतरणारे डिझेल हे त्याचे फळ. इंजिनाच्या नळकांड्यातून निघणारा काळा धूर म्हणजे शक्तीची खूण नव्हे. तो न जळालेला पैसा आहे. आणि तो केवळ पैसाही नाही. डिझेलचा धूर माणसास कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली जाहीर केले. मळणीच्या वेळी जो मजूर दिवसभर इंजिनापाशी उभा असतो, त्याच्या फुप्फुसाचा विचार आपण केलाच पाहिजे.

आता विजेचे पंप आहेत, सौर पंप येत आहेत, मग या जुन्या विद्येत कशाला शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. विजेचे व सौर पंप वाढावेत हे योग्यच आहे. परंतु नांगरटीस, मळणीस व ऊस वाहतुकीस आजही ट्रॅक्टरचे डिझेल इंजिनच राबत आहे, आणि वीज नसते त्या ठिकाणी पाण्यालाही त्याचाच आधार असतो. शिवाय पन्नास अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे अधिक कडक नियम लागू झाले आहेत. अशा नव्या इंजिनांत फवाऱ्याचा दाब जुन्या इंजिनांच्या कित्येक पट असतो आणि हेड, वाटी व नॉझल यांची जुळणी अधिकच नाजूक असते. ज्या कारागिराने साध्या इंजिनाच्या हेडाचे मर्म ओळखले नाही, त्याच्या हाती हे इंजिन देणे धोक्याचे ठरेल.

यावर उपाय कोणते? माझ्या मते ते तीन आहेत. पहिला कारखानदारांनी करावयाचा. गॅस्केटची जाडी, पिस्टन व हेड यांमधील फट, टॅपेटची फट आणि नॉझलचा दाब हे चार आकडे प्रत्येक इंजिनावर धातूच्या पट्टीवर मराठीत कोरलेले असावेत. पुस्तिका हरवते, पट्टी हरवत नाही. दुसरा शासनाने व शिक्षणसंस्थांनी करावयाचा. खेड्यांतील कारागिरांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून हेडाच्या दुरुस्तीचे अल्पमुदतीचे वर्ग हंगाम नसताना घ्यावेत. तिसरा आपण स्वतः करावयाचा. ट्रॅक्टर घेताना मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा व त्यातील इंधनखर्चाचा आकडा वाचावा. पंपाचे इंजिन असेल तर टाकी काठोकाठ भरून नेहमीच्या भारावर एक तास चालवावे आणि पुन्हा मापाने भरून खर्च काढावा. दुरुस्तीपूर्वी एकदा व दुरुस्तीनंतर एकदा, असे दोन आकडे वहीत लिहिले म्हणजे काम कसे झाले याचा निवाडा कोणासही करता येईल.

गावोगावच्या कार्यकर्त्यांस माझी विनंती आहे की, बियाणे व खते यांविषयी आपण जो हिशेब शेतकऱ्यास शिकविता, तोच डिझेलच्या थेंबासही लावण्यास शिकवावे. एका गावात दहा इंजिनांची अशी नोंद झाली, तर कोणत्या इंजिनाचे हेड उतरवून पाहावयास हवे हे ती नोंदच सांगेल. शेतातील तण आपण डोळ्यांनी पाहतो म्हणून उपटतो. हेडाच्या आत वाया जाणारे डिझेल दिसत नाही, एवढ्याचसाठी ते मोजून पाहिले पाहिजे.